जपानचे देणे आणि आशियाची उभारणी

वाचकहो, जपानातील नागाओका या गावची एक हकिकत प्रथम सांगतो. १८६८ साली जपानात यादवी युद्ध झाले, त्यात नागाओकाचे संस्थान हरलेल्या बाजूला होते. गाव जळाले, संस्थानचे उत्पन्न छाटले गेले आणि सामुराई म्हणविणाऱ्या लढवय्या घराण्यांवरही उपाशी राहण्याची पाळी आली. १८७० मध्ये मिनेयामा या नात्यातल्या संस्थानाने त्यांच्यासाठी तांदळाची १०० पोती पाठविली. पोती आल्याचे कळताच लोक वाटा मागू लागले. परंतु संस्थानचा एक वरिष्ठ अधिकारी कोबायाशी तोरासाबुरो याने तांदूळ वाटण्यास साफ नकार दिला. वाटला तर माणशी मूठभर येईल आणि दोन-चार दिवसांत संपेल, असे त्याचे म्हणणे. त्याने तांदूळ विकला आणि आलेला पैसा शाळेला लावला. त्या शाळेत सामुराईंच्या मुलांशेजारी शेतकऱ्यांची आणि गावकऱ्यांची मुलेही बसली.

जपानात ही गोष्ट फार प्रसिद्ध आहे. १९४३ मध्ये यामामोतो युझो या लेखकाने तिच्यावर नाटक लिहिले, आणि २००१ मध्ये पंतप्रधान कोइझुमी यांनी संसदेतील भाषणात तिचा दाखला दिला तेव्हा ती पुन्हा घरोघरी पोहोचली. शिक्षणाचे काम करणाऱ्या कोणालाही ती आवडावी अशीच आहे. मलाही आवडते. पण तिच्यातील एक गोष्ट मनाला सलते. तांदूळ ज्यांच्यासाठी आला होता आणि ज्यांनी पुढे उपास काढले, त्यांचा सल्ला कोणी घेतला नव्हता.

महायुद्धानंतर जपानने आशियाला जे अर्थसाहाय्य दिले त्याचा इतिहास वाचताना ही शंभर पोती माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. आलेली मदत खाऊन संपवायची की तिच्यातून काही उभे करायचे, हा एक प्रश्न. आणि जे उभे केले त्यासाठी कोणाच्या तोंडचा घास काढला, हा दुसरा. पुढे जे लिहिले आहे ते या दोन प्रश्नांना धरूनच लिहिले आहे.

१९४५ मध्ये जपान कोणत्या अवस्थेत होता याची कल्पना आजच्या विद्यार्थ्याला करता येणे कठीण. मार्च महिन्यातील एका रात्रीच्या बाँबफेकीत टोकियोत सुमारे एक लाख माणसे मेली. हिरोशिमा आणि नागासाकीची नावे सर्वांना ठाऊक आहेत. परंतु त्यांखेरीज साठाहून अधिक लहानमोठी शहरे आगीच्या बाँबनी जाळली गेली, हे सहसा कोणी सांगत नाही. आपले नागाओका त्यांतच होते. कोकणातील खलाशी मंडळींना ज्या कोबे बंदराचे नाव परके नाही, तेही जळाले. तेथे भारतीय, तार्तार व इतर मुसलमान व्यापाऱ्यांनी वर्गणी जमवून १९३५ मध्ये बांधलेली मशीद मात्र भोवतालची वस्ती राख झाली तरी उभी राहिली. युद्ध संपताच मांचुरिया, कोरिया, चीन व आग्नेय आशिया येथून साठ लाखांवर जपानी सैनिक आणि नागरिक मायदेशी परतू लागले. घरे नाहीत, कारखाने बंद, आणि खाणारी तोंडे मात्र वाढलेली.

तथापि हे वाचून जपानची नुसती कीव करून चालणार नाही. हाच जपान कालपर्यंत आशियाचा मालक होऊ पाहत होता. सयाम ते ब्रह्मदेश रेल्वे बांधताना युद्धकैद्यांबरोबर हजारो तमिळ, ब्रह्मी, मलायी आणि जावातील मजूर जंगलात मेले. उत्तर व्हिएतनाममध्ये १९४५ च्या दुष्काळाने लाखो माणसे गेली, आणि त्या दुष्काळामागे जपानी लष्कराने उचललेले धान्य हे एक मोठे कारण होते. फेब्रुवारी-मार्च १९४५ मध्ये मनिला शहरात सुमारे एक लाख नागरिक मारले गेले. कोरिया तर १९१० पासून जपानच्या ताब्यात होता. तेथील तरुणांना जपानच्या खाणींत व पोलाद कारखान्यांत राबविण्यासाठी नेले जात होते. म्हणजे युद्ध संपले तेव्हा जपान भिकेस लागला होता हे खरे, आणि तो साऱ्या आशियाचा देणेकरी होता हेही तितकेच खरे.

मदत देणारा म्हणून पुढे नावारूपाला आलेला हा देश आधी मदत घेणारा होता. १९४६ ते १९५१ या काळात अमेरिकेने त्याला अन्न, औषधे, खते व कच्चा माल या रूपाने १८० ते २०० कोटी डॉलरच्या घरात साहाय्य दिले. जपानी जनतेला हे दान वाटले होते. पुढे त्यातील काही भाग परत मागितला गेला, १९६२ मध्ये ४९ कोटी डॉलरवर तडजोड झाली आणि जपानने ती रक्कम १९७३ पर्यंत फेडून टाकली. १९५२ मध्ये तो जागतिक बँकेचा सभासद झाला आणि १९५३ ते १९६६ या काळात त्याने तिच्याकडून ३१ कर्जे घेतली. एकूण रक्कम ८६ कोटी ३० लाख डॉलर. वीजकेंद्रे, पोलाद कारखाने, महामार्ग, आणि आइची प्रांतातील कोरडवाहू शेतीला पाणी देणारा मोठा कालवा, ही सारी कामे या उसनवारीवर झाली. टोकियो ते ओसाका धावणारी ती प्रसिद्ध वेगवान गाडीही त्यातलीच. तिच्यासाठी १९६१ मध्ये ८ कोटी डॉलरचे कर्ज घेतले आणि १ ऑक्टोबर १९६४ रोजी ती सुरू झाली. या सर्व कर्जांचा शेवटचा हप्ता जुलै १९९० मध्ये भरला गेला. १९८९ साली जपान जगातील सर्वांत मोठा मदतदार देश झाला होता, तेव्हाही त्याच्या डोक्यावर जागतिक बँकेचे जुने कर्ज शिल्लक होते. ज्या पालकांनी घर चालवीत कर्जाचे हप्ते भरले आहेत त्यांना यातील शिस्त वेगळी समजावून सांगायला नको.

येथे थोडे शाळांविषयी सांगितले पाहिजे. शाळा जळाल्या होत्या, म्हणून मुले उघड्या आकाशाखाली बसत. नवी क्रमिक पुस्तके छापायला कागद नव्हता. म्हणून जुन्याच पुस्तकांतील युद्धाचा व साम्राज्याचा गौरव करणाऱ्या ओळी मुलांकडूनच काळ्या शाईने पुसून घेण्यात आल्या. कालपर्यंत गुरुजींनी जे पाठ करून घेतले तेच आज गुरुजींच्या सांगण्यावरून पुसायचे, हा अनुभव त्या पिढीच्या मनावर कायमचा कोरला गेला. आणि अशा उपासमारीच्या दिवसांत, १९४७ मध्ये, सक्तीचे शिक्षण सहा वर्षांवरून नऊ वर्षांवर नेण्यात आले. नव्या शाळांच्या इमारतींच्या खर्चाने गावोगावचा कारभार मेटाकुटीस आला. परदेशातून मदत म्हणून येणाऱ्या दुधाच्या भुकटीचे दूध मुलांना शाळेत मिळू लागले. त्याच्या चवीविषयी त्या काळची म्हातारी मंडळी अजून तोंड वेडेवाकडे करतात, असे म्हणतात. असो.

आता नुकसानभरपाईकडे वळू. प्रथम विजेत्या राष्ट्रांचा विचार असा होता की जपानचे कारखाने उचकटून त्यांची यंत्रे पीडित देशांना द्यावीत. थोडी यंत्रे गेलीही. परंतु रशिया-अमेरिका यांच्यातील शीतयुद्ध तापले आणि अमेरिकेला आशियात एक बलवान मित्र हवासा वाटू लागला. १९४९ मध्ये तिने ही योजना गुंडाळली. पुढच्याच वर्षी कोरियात युद्ध पेटले आणि अमेरिकन सैन्याच्या मागण्यांनी जपानी कारखान्यांची धुराडी पुन्हा धुमसू लागली. शेजाऱ्याच्या घराला लागलेल्या आगीवर आपली चूल पेटावी तसाच हा प्रकार. ८ सप्टेंबर १९५१ रोजी सॅनफ्रान्सिस्को येथे तह झाला. त्यात जपानने भरपाई द्यावी असे तत्त्व मान्य झाले, पण ती रोख पैशाने नव्हे, तर जपानी लोकांच्या श्रमाने व कौशल्याने द्यावी असे ठरले. सिलोनचे प्रतिनिधी जयवर्धने यांनी बुद्धवचनाचा आधार घेऊन भरपाईवरील आपला हक्क सोडला. भारत त्या परिषदेस गेलाच नाही. त्याने ९ जून १९५२ रोजी स्वतंत्र तह करून भरपाईची मागणी सोडून दिली. त्याआधी, १९४९ मध्ये, टोकियोच्या मुलांनी पत्रे लिहून हत्ती मागितला म्हणून पंडित नेहरूंनी आपल्या मुलीच्या नावाची हत्तीण तेथील उएनो प्राणिसंग्रहालयाला पाठविली होती. युद्धाच्या काळात तेथील हत्ती मेले होते. जपानी माणसाच्या मनात भारताविषयी जी आपुलकी राहिली, तिच्यात या हत्तिणीचाही वाटा आहे.

ज्यांनी हक्क सोडला नाही त्यांच्याशी एकामागून एक करार झाले. ब्रह्मदेशाशी नोव्हेंबर १९५४ मध्ये २० कोटी डॉलरचा, दहा वर्षांत द्यावयाचा. फिलिपीन्सशी १९५६ मध्ये ५५ कोटी डॉलरचा, वीस वर्षांत द्यावयाचा. इंडोनेशियाशी १९५८ मध्ये सुमारे २२ कोटी ३० लाखांचा आणि दक्षिण व्हिएतनामशी १९५९ मध्ये ३ कोटी ९० लाखांचा.

ही भरपाई प्रत्यक्षात कशी दिली जाई, ते विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे, कारण पुढच्या सगळ्या मदतीचे बीज त्यात आहे. ब्रह्मदेशाला धरण हवे असेल तर तो जपानी कंपनीशी करार करी. कंपनी यंत्रे पाठवी, इंजिनियर पाठवी, काम करी. आणि तिचे बिल जपान सरकार येनमध्ये टोकियोतच चुकते करी. पैसा देशाबाहेर गेलाच नाही. बाहेर गेली ती जपानी यंत्रे. एकदा जपानी यंत्र बसले की त्याचा सुटा भागही जपानकडूनच मागवावा लागे. अशा रीतीने ज्या देशांत जपानचे नाव काढताच लोक थुंकत होते तेथेच दहा वर्षांत जपानी मालाचे दुकान थाटले गेले. यात लबाडी होती असे कोणी म्हणेल. मी म्हणेन, हिशेब होता. आणि घेणाऱ्याने आपला हिशेब केला नसेल तर तो दोष एकट्या देणाऱ्याचा नव्हे.

ब्रह्मदेशातील बालुचाऊंग नदीवर वीजकेंद्र झाले आणि १९६० मध्ये तेथील वीज दूरच्या रंगूनपर्यंत गेली. त्याच्या शेजारची डोंगरी खेडी मात्र कित्येक वर्षे अंधारातच राहिली. इंडोनेशियात, जो लोकसंख्येने सर्वांत मोठ्या मुसलमान देशांपैकी एक, ब्रांतास नदीच्या खोऱ्यात धरणे झाली, पालेमबांगला मुसी नदीवर मोठा पूल झाला. पण त्याच भरपाईतून १९६२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी जाकार्तात एक टोलेजंग हॉटेल आणि नंतर एक बहुमजली दुकानही उभे राहिले. जावातील ज्या खेडुतांची मुले रेल्वेच्या कामावर मेली त्यांना त्या हॉटेलाच्या पायऱ्या कधी चढता आल्या असतील असे वाटत नाही. त्यातल्या त्यात समाधान एवढेच की त्या पैशातून काही शे इंडोनेशियन विद्यार्थी जपानात शिकावयास गेले आणि परतल्यावर त्यांच्यातील अनेकांनी उद्योगात व सरकारी नोकरीत जबाबदारीची कामे केली.

सर्वांत मोठी रक्कम मिळाली फिलिपीन्सला, आणि सर्वांत मोठी निराशाही तेथेच झाली. त्या काळी फिलिपीन्स आशियातील पुढारलेल्या देशांत गणला जाई. शिक्षण चांगले, इंग्रजी घरोघरी, अमेरिकेशी जवळीक. ५५ कोटी डॉलर हाती येणार होते. पण देशाला नक्की काय उभारायचे आहे हे ठरलेले नव्हते. जहाजे, यंत्रे, वाहने असा माल येई आणि तो वजनदार खाजगी मंडळींना हप्त्यांवर दिला जाई. अनेकांनी ते हप्ते भरलेच नाहीत. बोळीतून पाणी जावे तसा हा पैसा वीस वर्षे वाहिला आणि १९७६ मध्ये भरपाई संपली तेव्हा दाखवायला एकही मोठा उद्योग नव्हता. पुढे १९८६ मध्ये अध्यक्ष मार्कोस यांना जनतेने हाकलले, तेव्हा त्यांनी हवाईला बरोबर नेलेल्या कागदपत्रांत जपानी कामांच्या कंत्राटांवर दहा ते पंधरा टक्के दलाली घेतल्याच्या नोंदी सापडल्या. जपानच्या संसदेत त्यावरून गदारोळ झाला. आपल्या करातून गेलेला पैसा कोणाच्या खिशात गेला, हे जपानी करदात्याने तेव्हा प्रथमच जोराने विचारले.

दरम्यान जपान श्रीमंत झाला होता आणि आशियात त्याच्याविषयी नवा राग धुमसत होता. जानेवारी १९७४ मध्ये पंतप्रधान तानाका आग्नेय आशियाच्या दौऱ्यावर निघाले. बँकॉकमध्ये विद्यार्थ्यांनी निदर्शने केली. जाकार्तात तर दंगल पेटली, जपानी मोटारी जाळल्या गेल्या, माणसे मेली, आणि पाहुण्या पंतप्रधानांना प्रासादातून हेलिकॉप्टरने विमानतळावर न्यावे लागले. त्या रागात स्वदेशी राज्यकर्त्यांवरचा रागही मिसळला होता हे खरे. पण जपानला धक्का बसला. १९७७ मध्ये पंतप्रधान फुकुदा यांनी मनिला येथे जाहीर केले की जपान पुन्हा लष्करी सत्ता होणार नाही आणि आग्नेय आशियाशी बरोबरीच्या नात्याने व मनापासूनच्या विश्वासाने वागेल. त्यानंतर साहाय्याच्या रकमा झपाट्याने वाढल्या. १९७९ मध्ये चीनला कर्जे सुरू झाली. चीनने १९७२ मध्येच भरपाईचा हक्क सोडला होता, म्हणून त्या कर्जांकडे दोन्ही बाजू मनातल्या मनात भरपाई म्हणूनच पाहत, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. चीन जपानच्या पुढे निघून गेल्यावर, मार्च २०२२ मध्ये, ती मदत पूर्णपणे थांबली.

मलेशियाने वेगळी मागणी केली. पंतप्रधान महाथीर यांनी १९८२ मध्ये पूर्वेकडे पाहण्याचे धोरण जाहीर केले आणि जपानकडे पैशाबरोबरच शिकविण्याची मागणी केली. मलायी तरुण जपानी विद्यापीठांत व कारखान्यांत जाऊ लागले. आधी भाषा शिकायची, मग यंत्र. जपानी भाषा शिकायला अवघड, तिची लिपी त्याहून अवघड, हलाल जेवण मिळण्याची पंचाईत. तरी मुले गेली आणि शिकून आली. विद्यार्थी मित्रांनो, परदेशी शिष्यवृत्त्यांच्या जाहिराती वाचताना एवढे ध्यानात ठेवा की त्या मुलांनी भाषेसाठी घातलेली वर्षे वाया गेली नव्हती.

एक गोष्ट जपानच्या मदतीत सतत दिसते. पाश्चात्त्य देश अनुदाने देत, तेव्हा जपान बहुधा कर्जे देई. व्याज कमी, मुदत लांब, पण परतफेड करायचीच. त्याबद्दल त्याच्यावर कंजूषपणाचा आरोप झाला. जपान्यांचे उत्तर असे की आम्ही स्वतः कर्जावर उभे राहिलो. परत द्यायचे असले की माणूस पैसा जपून वापरतो. आपल्याकडेही अनेक शिक्षणसंस्था शिष्यवृत्तीबरोबर कर्जाऊ शिष्यवृत्ती देतात आणि त्यामागे हाच विचार असतो. हे म्हणणे निम्मे खरे आहे. फिलिपीन्समध्येही कर्जे होती, पण तेथे घेणारा एक आणि फेडणारा दुसरा, अशी स्थिती होती. जपानचा दुसरा नियम असा की मागणी घेणाऱ्या सरकारने करायची, आपण सुचवायचे नाही. यात आदर दिसतो. पण सरकारने मागितले म्हणजे लोकांनी मागितले असे धरून चालल्याने काय होते ते आपल्या नर्मदेने दाखविले.

भारताचा या कथेतील वाटा लहान नाही. जपानच्या येन कर्जांपैकी अगदी पहिले कर्ज १९५८ मध्ये भारतालाच मिळाले, १,८०० कोटी येनचे, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने ५ कोटी डॉलरचे, आपल्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेसाठी. जपानला तेव्हा भारतीय खनिज लोखंड हवे होते. गोव्यात पोर्तुगीज अंमल असतानाच तेथील लाल माती मुरगाव बंदरातून जपानच्या भट्ट्यांकडे जाऊ लागली होती. नंतर सरदार सरोवराच्या वीजयंत्रांसाठी जपानने कर्ज देऊ केले. परंतु बुडणाऱ्या गावांची, त्यांत आपल्या नंदुरबार भागातील आदिवासी पाड्यांचीही, कैफियत टोकियोपर्यंत पोहोचली. तेथील नागरिकांनी आपल्याच सरकारला जाब विचारला आणि १९९० मध्ये जपानने पुढचे कर्ज रोखले. जागतिक बँकेच्या पैशाचा प्रश्न त्यानंतर तीन वर्षांनी, १९९३ मध्ये निकालात निघाला. पुढे अजिंठा-वेरूळच्या लेण्यांच्या परिसरासाठी जपानी कर्ज आले, दिल्लीच्या मेट्रोला आले, मुंबईच्या भुयारी मेट्रोला आले. १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झालेला, शिवडी ते न्हावाशेवा असा जवळजवळ २२ किलोमीटरचा सागरी सेतूही त्याच कर्जावर बांधला आहे. रायगड जिल्ह्यातील मंडळी त्यावरून जातात तेव्हा टोलनाका दिसतो. त्यामागचे कर्ज दिसत नाही, एवढेच.

कोरियाची कथा मुद्दाम शेवटी ठेवली आहे, कारण नागाओकाची शंभर पोती तेथे पुन्हा भेटतात.

दक्षिण कोरियाने १९६५ मध्ये जपानशी तह केला. तीस कोटी डॉलर अनुदान आणि वीस कोटी डॉलर कर्ज, असे ते ठरले. त्याला नुकसानभरपाई म्हणायला जपान तयार नव्हता. 'आर्थिक सहकार्य' हा शब्द त्याने वापरला. पस्तीस वर्षांच्या गुलामीची ही किंमत का, असे विचारीत सोलच्या रस्त्यांवर विद्यार्थी उतरले होते. १९६४ च्या जूनमध्ये लष्करी कायदा पुकारून त्यांना दडपावे लागले. अध्यक्ष पाक चुंग-ही हे स्वतः लष्करशहा. त्यांनी कोणाचे ऐकले नाही.

रक्कम फिलिपीन्सला मिळाली साधारण तेवढीच. पण कोरियाच्या राज्यकर्त्यांना काय हवे ते पक्के ठाऊक होते. त्यांना पोलाद हवे होते. जागतिक बँकेने अभ्यास करून सांगितले की कोरियासारख्या गरीब देशाला पोलाद कारखाना परवडणार नाही. पाश्चात्त्य कंपन्यांचा जो गट पैसा उभारणार होता तोही १९६९ मध्ये मागे हटला. तेव्हा कारखान्याचे प्रमुख पाक ते-जुन यांनी जपानकडून यावयाच्या, मुख्यतः शेतीसाठी राखलेल्या, रकमेतील सुमारे १२ कोटी डॉलर पोलादाकडे वळविण्याची कल्पना मांडली आणि टोकियोला जाऊन जपानी पोलाद कंपन्यांना व सरकारला पटविले. एप्रिल १९७० मध्ये पोहांग येथे समुद्रकाठच्या वाळूत काम सुरू झाले. हा आपल्या पूर्वजांच्या रक्ताचा पैसा आहे, कारखाना फसला तर सर्वांनी उजवीकडे वळून समुद्रात उडी घ्यायची, असे ते कामगारांना बजावीत अशी आख्यायिका आहे. काँक्रीट कच्चे आढळले म्हणून पुरे होत आलेले बांधकाम त्यांनी सुरुंगाने उडवून दिल्याचेही सांगतात. कोरियन इंजिनियर जपानच्या कारखान्यांत जाऊन शिकले. ३ जुलै १९७३ रोजी वर्षाला दहा लाख टनांचा कारखाना पुरा झाला. त्या पोलादातून जहाजे झाली, मोटारी झाल्या. दहा-बारा वर्षांत जपानी कंपन्या आपले ज्ञान त्यांना देताना हात आखडू लागल्या. शिष्य पुढे गेल्याची याहून वेगळी पावती कोणती!

येथवर ही गोष्ट कोणत्याही स्नेहसंमेलनात सांगण्यासारखी आहे. तांदूळ वाटला नाही, शाळा उभी केली. पण तांदूळ कोणाचा होता?

जपानच्या खाणींत व भट्ट्यांत राबविलेल्या कोरियन मजुरांच्या नावाने ती बोलणी झाली होती. २००५ मध्ये कोरियन सरकारने जुनी कागदपत्रे खुली केली तेव्हा दिसले की एकेका माणसाची भरपाई आम्हीच देऊ, रक्कम एकत्र द्या, असे सोलनेच सांगितले होते. प्रत्यक्षात १९७५ ते १९७७ मध्ये मृतांच्या सुमारे साडेआठ हजार कुटुंबांना प्रत्येकी ३ लाख वॉन मिळाले. तीस कोटी डॉलर अनुदानाच्या मानाने ही रक्कम अगदीच थोडी होती. जे जखमी होऊन परतले, ज्यांचा पगार बुडाला, त्यांना काहीच मिळाले नाही. ती माणसे म्हातारी झाली. देश श्रीमंत झाला, रस्ते झाले, पोलाद झाले, नातवंडे मोटारींतून फिरू लागली. यांचा पगार राहिला तो राहिलाच.

त्यांच्यातील काही जणांनी आधी जपानी आणि मग कोरियन न्यायालयांत दावे लावले. ३० ऑक्टोबर २०१८ रोजी कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की संबंधित जपानी पोलाद कंपनीने चौघा मजुरांना प्रत्येकी १० कोटी वॉन द्यावेत. १९६५ च्या तहाने हा हक्क संपत नाही, असे न्यायालय म्हणाले. तहाने सर्व काही मिटले आहे, असे जपान म्हणाला. निकाल ऐकायला चौघांपैकी एकच जण जिवंत होता, वय ९४. दोन्ही देशांत व्यापाराचे भांडण जुंपले. अखेर मार्च २०२३ मध्ये कोरियन सरकारने मार्ग काढला : जपानी कंपनीऐवजी कोरियातील एक प्रतिष्ठान ही भरपाई देईल, आणि १९६५ च्या पैशाचा ज्यांना लाभ झाला त्या कोरियन कंपन्यांनी त्यात वर्गणी घालावी.

पहिली वर्गणी पोहांगच्या पोलाद कंपनीची आली, ४०० कोटी वॉन. काही वृद्धांनी, आणि काही मृतांच्या वारसांनी, ते पैसे घेतले. काहींनी त्या वेळी नाकारले. ज्याने राबवून घेतले त्याच्या हातून हवेत, असे त्यांचे म्हणणे होते.